प्रायोगिक कथा कळतच नाहीत, मग वाचायच्या कशाला?

तुम्ही विचारलंय, उत्तर-आधुनिक, म्हणजे गोष्ट सांगायची नेहमीची रीत मुद्दाम मोडणाऱ्या, प्रायोगिक कथांना धड सुरुवात नसते की शेवट नसतो, लोकांना त्यात आवडतं तरी काय? आणि नाही कळल्या तर दोष वाचणाऱ्याचा का?

दोष तुमचा नाही. यातल्या कितीतरी कथा आतून पोकळ असतात. पण ज्या जमून आल्यात, त्यांनी मला जे दिलं ते सरळ सांगितलेल्या गोष्टींनी क्वचितच दिलं.

अमेरिकी लेखक डोनल्ड बार्थेल्मीची ‘द स्कूल’ ही कथा घ्या. जेमतेम चार-पाच पानं. एक शिक्षक सांगतोय: मुलांनी संत्र्याची ३० झाडं लावली, सगळी मेली. साप मेले, कारण संपामुळे बॉयलर चार दिवस बंद होता. मग उंदीर, मासे, कुत्र्याचं पिल्लू. प्रत्येक मरणाला काहीतरी कारण. पुढे पालक जायला लागतात, वर्गातली दोन मुलं जातात, तरी सांगण्याचा सूर तोच.

इथे नाशिकला, गंगापूर रोडला आम्ही काहीजण महिन्यातून एकदा वाचायला जमतो. तिथे मी ही कथा मराठीत सांगत सांगत वाचली. पिल्लापर्यंत सगळे हसत होते. पुढे मुलांचं आलं तेव्हा एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने मला थांबवलं. म्हणाल्या, “वर्गातलं मूल गेलं की दुसऱ्या दिवशी हजेरीत त्याचं नाव गाळून पुढे कसं जायचं, हे कुणी शिकवत नाही. हा माणूस तेच करतोय.” हीच कथा रडव्या सुरात असती तर आम्ही हळहळलो असतो आणि चहा प्यायला उठलो असतो.

वैताग येतो तो अमेरिकी लेखक जॉन बार्थच्या ‘फ्रेम-टेल’ या कथेसारख्या ठिकाणी. कागदाची पट्टी कापायची, पीळ देऊन टोकं चिकटवायची, की ‘एकदा एक गोष्ट होती, तिची सुरुवात अशी’ हे वाक्य गोल गोल फिरत राहतं. कल्पना हुशार आहे, पण त्यात माणूसच नाही. आणखी एक अमेरिकी लेखक रॉबर्ट कूव्हर, त्याची ‘द बेबीसिटर’ ही कथा या दोन टोकांच्या मधली. एका घरी मुलं सांभाळायला आलेल्या मुलीची. एकाच संध्याकाळचे शंभराहून जास्त तुकडे, एकात सगळं आलबेल, दुसऱ्यात खून, आणि खरं काय ते शेवटपर्यंत सांगत नाही. माणसांच्या मनातलं आणि घडलेलं तो एकाच मापाने मोजतो, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या मुलीवरचे हल्ले मात्र इतक्यांदा येतात की मी थकतो.

म्हणून माझी कसोटी एकच: करामत बाजूला केली तर मागे कुणाचं दुःख, कुणाची भीती उरते का? उरत नसेल तर खुशाल पुस्तक मिटा.

मराठीत विलास सारंगांचा ‘सोलेदाद’ हा कथासंग्रह मिळाला तर सोडू नका. पण सुरुवात अर्जेंटिनाचा लेखक हुलिओ कोर्तासारच्या ‘कंटिन्युइटी ऑफ पार्क्स’ या कथेने करा. दोनच पानं आहेत. तिच्याबद्दल आधी काही वाचू नका, फक्त हिरव्या मखमली खुर्चीवर लक्ष ठेवा.