रोज लावता येईल असे सनस्क्रीन

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते आणि शिरोली एमआयडीसीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. सकाळी साडेआठला दुचाकीवरून निघते आणि दुपारी अधूनमधून बँकेच्या कामासाठी बाहेर पडावे लागते. माझी त्वचा तेलकट आहे आणि गालांवर वांग दिसू लागले आहेत. गेल्या उन्हाळ्यात आणलेल्या सनस्क्रीनने चेहरा पांढुरका दिसायचा आणि घाम आला की डोळे चुरचुरायचे, म्हणून ते लावणे सोडून दिले. आता एसपीएफ ५० घ्यावे की त्याहून जास्त? स्कार्फ बांधला तरीही सनस्क्रीन लागतेच का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एसपीएफच्या आकड्यात फार अडकू नका. हा आकडा प्रामुख्याने त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा असतो. एसपीएफ ३० असे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, तर ५० सुमारे ९८ टक्के. त्यापुढे फरक आणखी कमी होत जातो. वांग गडद करण्यात यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांचा मोठा वाटा असतो आणि ते खिडकीच्या काचेतून व ढगांतूनही येतात, म्हणून वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (म्हणजे दोन्ही किरणांपासून संरक्षण) असे लिहिले आहे ना आणि ‘पीए’ या यूव्हीए-संरक्षणाच्या खुणेपुढे तीन किंवा चार अधिकचिन्हे आहेत ना, हे आधी पाहा. तुमच्यासाठी एसपीएफ ५० योग्य ठरेल. त्याहून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही.

खरी अडचण प्रमाणाची असते. प्रयोगशाळेत हा आकडा ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेले असते, आणि आपल्यापैकी बहुतेकजण त्याच्या निम्मेही लावत नाहीत. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढली, की चेहरा व मानेपुरते प्रमाण होते. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब साधारण दीड महिन्यात संपायला हवी. ती चार महिने पुरत असेल, तर वेष्टनावरचे संरक्षण तुम्हाला मिळतच नाही. म्हणून इतके लावूनही चेहरा चिकट किंवा पांढुरका वाटणार नाही आणि खिशाला दरमहा जड जाणार नाही, असेच सनस्क्रीन निवडा.

तेलकट त्वचेला जेल किंवा पातळ लोशन मानवते. चेहऱ्यावरचा पांढुरका थर बहुधा झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडमुळे येतो. वांगासाठी मात्र मी तुम्हाला आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाशी जुळणारे टिंटेड सनस्क्रीन सुचवेन, कारण वांग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि साधे, रंगहीन सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. डोळ्यांची चुरचुर टाळण्यासाठी ‘वॉटर रेझिस्टंट’ प्रकार घ्या आणि डोळ्यांभोवती फक्त झिंक ऑक्साइड असलेली सनस्क्रीनची कांडी वापरून पाहा. नवे सनस्क्रीन आधी दोन-तीन दिवस जबड्याच्या कडेला थोडेसे लावून पाहावे.

स्कार्फ जरूर बांधा, पण विरळ सुती कापडातून किरण आत येतात आणि कपाळ व डोळ्यांभोवतालचा भाग उघडाच राहतो. शिवाय ओले सनस्क्रीन कापडाला पुसले जाते, तेव्हा घरातून निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ते लावून सुकू द्या. उन्हात असताना दर दोन तासांनी ते पुन्हा लावायचे असते. खिडकीपासून दूर बसून काम करताना इतकी काटेकोरता लागत नाही, मात्र दुपारी बँकेत जाण्यापूर्वी चेहरा टिपून दुसरा थर द्यायलाच हवा. त्यासाठीची ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका, पर्समध्ये ठेवा, कारण डिकीतल्या उष्णतेने सनस्क्रीन खराब होते. पावसाळ्यात रंकाळ्यावर आठवडाभर ऊन पडले नाही, तरी सकाळचा थर चुकवू नये.

वांगामागे गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या किंवा आनुवंशिकता यांचाही भाग असू शकतो. ते पसरत असतील, तर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड असलेले गोरेपणाचे मलम मुळीच आणू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांचे उपचार सुरू असतानाही सनस्क्रीन चालू ठेवा.