‘विवाह’ या शब्दातच वधू-वर आहेत का?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : ‘विवाह’ म्हणजे वि + वह्, वराने वधूला वाहून नेणे. मग दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या नात्याला ‘विवाह’ म्हणणे भाषेच्या दृष्टीने चूक नव्हे काय? सोबत दोन उपप्रश्न आहेत. ‘समलिंगी’ बरोबर की ‘समलैंगिक’? आणि त्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या विवाहाला, ‘पारंपरिक विवाह’ म्हणावे का?

व्युत्पत्ती बरोबर सांगितली आहे. ‘वह्’ म्हणजे वाहणे, नेणे. विवाहाचेच दुसरे नाव ‘उद्वाह’, तेही त्याच घरचे. ‘परिणय’मध्ये अग्नीभोवती नेणे आहे, ‘पाणिग्रहण’मध्ये हात धरणे. पण धातूवरून निवाडा द्यायचा ठरवला तर तो सगळ्यांनाच लावावा लागेल. घरजावई झालेल्या माणसाचा विवाह झालाच नाही, कारण वाहून नेले ते त्यालाच. मेघालयातल्या खासी समाजात नवरा बायकोच्या घरी राहायला जातो, तोही बाद. आणि लग्नानंतर पिंपरीत भाड्याचा फ्लॅट घेणाऱ्या जोडप्यात कोणी कोणाला नेले, हे ठरवायला पंच बसवावे लागतील.

‘पत्नी’चे तर आणखी अवघड. पाणिनीचे सूत्र आहे ‘पत्युर्नो यज्ञसंयोगे’. यज्ञाशी संबंध असेल तरच ‘पती’चे ‘पत्नी’ हे रूप होते. आज यज्ञात शेजारी बसणाऱ्या किती जणी? तरी रेशनकार्डावर ‘पत्नी’ लिहिताना कोणाचा हात अडखळत नाही. उलट ‘दंपती’ बघा. ऋग्वेदात हा शब्द एकवचनातही येतो, आणि तिथे त्याचा अर्थ घरधनी. द्विवचनात घराचे दोन धनी, आणि पुढे नवरा-बायको. म्हणजे व्युत्पत्तीच हवी असेल तर दोन पुरुषांना ‘दंपती’ म्हणायला कोणी हरकत घेऊ नये. माझा मुद्दा तो नाही. व्युत्पत्ती दोन्ही बाजूंनी वाकवता येते, म्हणून ती साक्षीदार म्हणून कच्ची, एवढेच.

आपण मराठी माणसे बोलताना ‘विवाह’ म्हणतो तरी कुठे? तो पत्रिकेवर आणि दाखल्यावर. तोंडात असते ‘लग्न’, आणि त्याची कुळकथा जास्त मजेदार आहे. ‘लग्’ म्हणजे चिकटणे. एखाद्या क्षणी पूर्व क्षितिजाला टेकलेली राशी ते ‘लग्न’. त्यावरून शुभ मुहूर्त. आणि मुहूर्तावर जो विधी होतो त्यालाच मराठीने ‘लग्न’ म्हणून टाकले. मंगलाष्टकांच्या शेवटी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ कानावर पडते ना, तिथले ‘लग्न’ म्हणजे विवाह नव्हे, ती वेळ. या शब्दात ना स्त्री आहे ना पुरुष. व्याकरणाने तो नपुंसकलिंगी आहे, पण त्यातून कोणी राजकीय अर्थ काढू नये ही विनंती.

शब्दात नसलेला भेद आपल्या क्रियापदांत मात्र ठासून भरला आहे. मुलगी ‘देतात’, ‘उजवतात’, ‘करून घेतात’. ती ‘नांदायला’ जाते. मुलगा उजवला असे कोणी म्हणत नाही, आणि तो सासरी नांदत तर मुळीच नाही. समलिंगी जोडप्याच्या घरी मराठी खरी अडते ती इथे. कोणी कोणाला दिले, हे वाक्यच तयार होत नाही. ‘एकमेकांशी (दोघी असतील तर एकमेकींशी) लग्न केले’, ‘दोनाचे चार हात झाले’ ही वाक्ये कोणालाही चालतात, कारण हात कोणाचे हे ती विचारत नाहीत.

शब्दांवर अडलेले खरे प्रकरण पाहायचे तर ते व्युत्पत्तीत नाही, कायद्याच्या मसुद्यात आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे कलम ४ ‘कोणत्याही दोन व्यक्तींमधील विवाह’ अशा मोकळ्या शब्दांनी सुरू होते. समलिंगी विवाहाला मान्यता मागायला न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्यांना त्यात फट दिसली ती उगाच नाही. पण त्याच कलमाच्या पोटात पुरुषाचे वय एकवीस आणि स्त्रीचे अठरा पूर्ण असावे अशी अट आहे, आणि विवाह अधिकाऱ्यासमोर म्हणायच्या वाक्यात ‘माझी कायदेशीर पत्नी (किंवा पती)’ असे शब्द आहेत. पुढे घटस्फोट, पोटगी, वारसा सगळीकडे पती आणि पत्नी यांना वेगवेगळे हक्क दिलेले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला तेव्हा या मुद्द्यावर पाचही जण एकमताचे होते : कायद्यातले शब्द बदलून वाचायला लागलो तर ते कायदा नव्याने लिहिणे होईल आणि ते संसदेचे काम. विवाहाचा मूलभूत हक्क नाही यावरही एकमत झाले. मतभेद होता तो विवाहाखेरीज अन्य स्वरूपात अशा नात्याला मान्यता मिळण्याचा हक्क आहे का यावर. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल ‘आहे’ म्हणाले, उरलेले तिघे ‘नाही’. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री आणि पुरुष यांचे लग्न आत्ताच्या कायद्यांत बसते, हेही याच निकालात आहे. बातम्यांच्या गर्दीत ते बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटले.

संसदेने मनावर घेतले तर शब्द बदलतात. थायलंडने तेच केले. तिथल्या नागरी संहितेत ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’च्या जागी ‘व्यक्ती’ आणि ‘पती-पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ अशा अर्थाचे शब्द घातले आणि जानेवारी २०२५ पासून नोंदणी सुरू झाली. मराठीत तसा मसुदा लिहायचा झाला तर ‘जोडीदार’ हा शब्द तयारच आहे, आणि ‘वधू-वर सूचक मंडळ’ या पाटीपेक्षा तो आज जास्त बोलला जातो.

उरला अल्पमताने सुचवलेला मधला मार्ग, म्हणजे ‘सिव्हिल युनियन’. याचे शब्दशः ‘नागरी संघ’ केले तर माणसे ठेवींवरचा व्याजदर विचारतील. ‘नोंदणीकृत सहजीवन’ म्हणावे. ‘सहजीवन’ मराठीत याच अर्थाने रुळलेला आहे. पण हक्क तेच ठेवून नाव वेगळे दिले तर भागते का? कॅलिफोर्नियात नेमका हाच वाद झाला. तिथे समलिंगी जोडप्यांना ‘घरगुती भागीदारी’ या नावाखाली राज्याच्या कायद्यातले जवळजवळ सगळे हक्क होते. मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की निराळे नाव देणे हाच दुजाभाव आहे. त्याच नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून ‘विवाह’ हा शब्द परत स्त्री-पुरुषांपुरता केला. २०१३ साली ती बंदी उठली. म्हणजे दोन्ही बाजू एका शब्दासाठी भांडत होत्या, आणि दोघांनाही त्याची किंमत पक्की ठाऊक होती. ‘शब्दात काय आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

आता ‘पारंपरिक विवाह’. हा अमेरिकेतल्या राजकारणातला शब्दप्रयोग आहे, आणि आपल्याकडे तो उचलून आणल्यावर अर्थ घसरतो. मराठी वाचकाला ‘पारंपरिक’ म्हटले की नऊवारी, मुंडावळ्या, अंतरपाट दिसतो. त्या अर्थाने दोन मुलग्यांनी मुंडावळ्या बांधून पारंपरिक पद्धतीने समलिंगी विवाह केला, हे वाक्य पूर्ण शुद्ध आहे.

शिवाय परंपरा कोणाची? मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक घरांत रूढ, उत्तरेत ऐकूनच कानावर हात. हिंदू विवाह कायद्यालाही जवळच्या नात्यांवरच्या बंदीत ‘रूढी असेल तर’ अशी सवलत ठेवावी लागली. विधवेचे दुसरे लग्न १८५६ च्या कायद्याने ब्राह्मणी घरांत क्रांती ठरले, तर बहुसंख्य जातींत ‘पाट लावणे’ आधीपासून परंपराच होती. अर्थात ‘लग्नाची’ आणि ‘पाटाची’ असा मानाचा फरक ठेवून. नाव निराळे देऊन पायरी खाली ठेवण्याची युक्ती आपल्यालाही नवी नाही. एकाहून अधिक बायका करणे हेही परंपरेतच बसत होते. मुंबई प्रांताने १९४६ साली त्यावर बंदी घातली तेव्हा धर्मात ढवळाढवळ म्हणून ती न्यायालयात आव्हानली गेली, आणि १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटजीविना लावलेली लग्नेही त्या काळच्या परंपरेला ‘लग्न’ वाटत नव्हती.

म्हणून बातमीत ‘पारंपरिक विवाह’ऐवजी सरळ ‘स्त्री-पुरुष विवाह’ लिहावे. विवाह स्त्री-पुरुषांतच असावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यावरही यात अन्याय होत नाही. त्यांची भूमिका धर्माच्या, कुटुंबाच्या, अपत्यांच्या आधारे मांडता येते आणि तिथेच तिचा वाद व्हावा. ‘पारंपरिक’ या एका विशेषणात ती गुंडाळली की दोन्ही बाजूंची सोय होते आणि वाचकाची गैरसोय.

विशेषणांची आणखी एक गंमत. बालविवाह, विधवाविवाह, आंतरजातीय विवाह, नोंदणी विवाह : जे खटकते किंवा नवे असते त्यालाच विशेषण चिकटते. ‘विधुरविवाह’ हा शब्द मराठीने घडवलाच नाही. बिजवर खुशाल बोहल्यावर चढत होता, त्याच्या लग्नाला वेगळ्या नावाची गरज कोणालाच वाटली नाही.

‘समलिंगी’ की ‘समलैंगिक’? विवाहासाठी ‘समलिंगी’. दोन व्यक्ती एकाच लिंगाच्या आहेत, एवढेच त्यात सांगायचे असते. ‘लैंगिक’ म्हटले की रोख आकर्षणाकडे, संबंधांकडे जातो. म्हणून व्यक्तीच्या कलाबद्दल ‘समलैंगिक’ ठीक, पण ‘समलैंगिक विवाह’ हे लग्नाला शयनगृहापुरते आणून ठेवते. मागणीबद्दल लिहायचे असेल तर ‘विवाहसमानता’, आणि तो शब्द जोडूनच लिहावा.

एक गोष्ट कोणी विचारलेली नाही, पण सांगायचा मोह आवरत नाही. दोन स्त्रियांच्या लग्नासाठी मराठीला नवा शब्द लागत नाही, वचन पुरते. ‘त्या दोघींची लग्नं झाली’ म्हणजे दोन मांडव, दोन नवरे. ‘त्या दोघींचं लग्न झालं’ म्हणजे एकमेकींशी. ‘एकमेकांशी’ नव्हे, ‘एकमेकींशी’.