आजीचं व्हेंटिलेटर काढायला सांगणं म्हणजे इच्छामरण का? भारतात ते कायदेशीर आहे का?

तुमची आजी आयसीयूत आहे, डॉक्टर म्हणतायत आता सुधारणा नाही, आणि व्हेंटिलेटर काढा म्हटलं तर आपल्यावर केस होईल का ही भीती. रीतसर केलं तर नाही होत. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे गुन्हाच आहे, पण उपयोग उरला नसलेले उपचार थांबवणं वेगळं, त्याला २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने राज्यघटनेच्या कलम २१ (जगण्याचा हक्क) खाली सन्मानाने मरण्याचा हक्क म्हटलंय.

हे सगळं मला माझ्या आईच्या वेळी कुणी सांगितलं नाही. नळी ओढू नये म्हणून तिचे हात बँडेजने कॉटच्या दांडीला बांधलेले, मनगटावर वळ उठलेले, आणि अकराव्या दिवशी आमच्यापुढे कागद आला, 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत'. दादाने सही केली, आई अँब्युलन्समध्येच गेली, आणि तो अजून म्हणतो मीच मारलं तिला. उपचार थांबवायचे का हे डॉक्टरांची दोन बोर्डं ठरवतात, ही प्रक्रिया आम्हाला माहीत असती तर हे ओझं त्याच्या एकट्यावर आलं नसतं.

तरी उपचार थांबवायला विरोध करणाऱ्यांचंही मला पटतं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग हल्ल्यानंतर १९७३ पासून ४२ वर्षं तिथेच पडून होत्या, पण तिथल्या नर्सेसनी त्यांना इतकं जपलं की एक बेडसोर नव्हता, आणि २०११ मध्ये कोर्टाने त्यांचं अन्न थांबवायला नकार दिला तो या स्टाफचं ऐकूनच. सांभाळणाऱ्याचा शब्द मोठा हवाच. फक्त इस्टेटीसाठी किंवा बिल परवडत नाही म्हणून कुणाला सोडून द्यायची वेळ येऊ नये, त्यासाठीच तर नियम पाहिजेत.

आता तुम्ही काय करायचं. २०२३ मध्ये नियम सोपे झालेत, आधी हॉस्पिटलच्या तीन डॉक्टरांचं बोर्ड, मग तीन डॉक्टरांचं दुसरं, दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, घरच्यांची संमती लागते आणि अंमल करण्याआधी हॉस्पिटल मॅजिस्ट्रेटला कळवतं. बोर्ड नाही म्हणालं तर हायकोर्टात जाता येतं. आजीने लिव्हिंग विल, म्हणजे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलं असेल (दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढंच लागतं) तर ते आधी दाखवा. नसेल तरी उद्या राउंडला डॉक्टर आले की बोर्ड बसवा असं लेखी द्या, पोच घ्या, आणि तोवर तिला दुखू नये म्हणून काय देताय हे रोज विचारा.