लेआउट ठरलेला असेल तर त्याला साजेसा बोलिंग बॉल कसा निवडायचा?

तुमचा प्रश्न असा: 50 × 4½ × 35 हा लेआउट (भोकं कुठे पाडायची ते सांगणारे तीन आकडे) हाताला बसलाय, तो बदलायचा नाही, मग टेनपिनचा नवीन बॉल घेताना त्याला साजेसा कसा ओळखायचा? प्रश्नच उलटा आहे, आधी बॉल आणि मग लेआउट, असं तुम्हाला कोणीतरी ऐकवलं असेलच. मलाही वर्षानुवर्षं तेच ऐकवलं जातंय. ऐकवणारा आमच्याच टीममधला आहे, त्यामुळे हे उत्तर थोडं त्याच्यासाठीही आहे.

माझ्या बॅगेतल्या सगळ्या हुक बॉलना, म्हणजे वळणाऱ्या बॉलना, एकच लेआउट आहे. उरलेल्या पिन पाडायचा, स्पेअरचा प्लास्टिक बॉल सोडून. त्याच्या पोटात पॅनकेक कोर (आतला वजनाचा गोळा, इथे चपटा), फ्लेअर (फिरताना ऑइलची रेघ बॉलवर सरकत जाणं) नावापुरता, तिथे पिन (लेनवरची नव्हे, कोरचं टोक दाखवणारी बॉलवरची खूण) कुठेही पडली तरी काय बिघडतं? बाकीच्यांना एकच लेआउट ठेवण्यामागे आळस नाही. ड्रिलिंग सारखं असलं की दोन बॉलमध्ये दिसणारा फरक बॉलचाच असतो, कव्हरचा (बाहेरच्या आवरणाचा) आणि कोरचा. प्रत्येकाला वेगळे कोन दिले की बॉल उशिरा का वळला याची तीन-तीन कारणं निघतात, आणि मॅच चालू असताना त्यातलं खरं कुठलं हे शोधायला कोण बसणार?

आमच्या या गड्याला हे पटत नाही. ड्रिलिंगने बॉलचा स्वभाव बदलतो, असं त्याचं ठाम मत. ते सिद्ध करायला त्याने एकाच मॉडेलचे, एकाच वजनाचे दोन बॉल घेतले. एकाची पिन बोटांच्या भोकांखाली, व्हीएएल कोन (लेआउटचा तिसरा आकडा) मोठा. दुसऱ्याची पिन वर, पीएपीपासून (सुटलेला बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच्या टोकापासून) जरा लांब, व्हीएएल कोन लहान. पहिला लवकर उठून गोलसर वळणार आणि दुसरा लांब जाऊन एकदम तोडणार, हे त्याने आम्हाला बॉल ड्रिल होऊन यायच्या आधीपासून सांगून ठेवलं होतं. पुस्तकी हिशेब बरोबर आहे. व्हीएएल कोन लहान असला की बॉल स्किडमधून, म्हणजे घसरण्यातून, रोलमध्ये एका झटक्यात जातो, मोठा असला की सावकाश. त्याला कोण नाही म्हणतंय?

प्रॅक्टिसला लेनवर ताजं ऑइल होतं. त्याने दोन्ही बॉल आलटून पालटून टाकले आणि प्रत्येक वेळी आमच्याकडे वळून ‘दिसलं ना?’ विचारलं. मला दिसला तो एखाद्या बोर्डाचा, म्हणजे लेनच्या एका पट्टीचा, फरक. आता याचा हात शॉटगणिक दोन बोर्ड इकडे-तिकडे जातो, तर त्या एका बोर्डाचं श्रेय लेआउटला कसं द्यायचं? मी बोलून दाखवलं, झालं, पेटला. शेवटी मी त्याचा तो ‘लांब जाणारा’ बॉल मागून घेतला. बॉल फॅक्टरीच्या पॉलिशवर होता. 1000 ग्रिटचं खरखरीत पॅड घेऊन चारी बाजूंनी नीट घासला आणि त्याच्या हातात परत दिला. तीच रेघ, तोच वेग. बॉल इतका अलीकडे वळला की हेडपिन ओलांडून थेट ब्रुकलिनला, म्हणजे पलीकडच्या बाजूला, गेला. म्हणजे लांब जाणारा आता लवकर वळणाऱ्याच्याही आधी वळत होता, भोकं जिथल्या तिथे असताना.

यावर आमचा गडी म्हणाला, ‘बघ, आता लेआउट खुलला.’

अशा माणसाशी वाद घालायचा कसा? सदरा पातळ की जाड हे कापडावर ठरतं, शिंप्याने काजं कुठे पाडली यावर नाही. ऑइलला भिडतं ते कव्हर. बॉल किती लवकर पकडणार याचा मोठा वाटा त्या कव्हरचा आणि त्याच्या ग्रिटचा, मग कोरचा, आणि त्यानंतर उरतं ते लेआउटचं. त्याचा एक मुद्दा मात्र खरा आहे: पॅडचं काम टिकत नाही, गेमागणिक बॉल चकचकीत होत जातो, भोकं मात्र कायमची. बरोबर. म्हणूनच तर पॅड बॅगेत ठेवायचं असतं! यूएसबीसीच्या (अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेच्या) नियमांनी मॅचचा स्कोअर सुरू झाल्यावर पॅड लावता येत नाही, तेव्हा जे काय घासायचं ते आधी.

तर तुमचा बॉल. मधला आकडा, 4½ इंच, हे पिन ते पीएपी अंतर कोरला मारत नाही. पिन पीएपीपासून 3⅜ इंचावर असली तर फ्लेअर सगळ्यात जास्त, शून्यावर किंवा 6¾ वर जवळजवळ काहीच नाही. तुम्ही भरपूर फ्लेअरच्या बाजूला आहात, म्हणून बॉलच्या माहितीत जो डिफरन्शियल (कोर किती फ्लेअर देऊ शकतो याचा आकडा) लिहिलेला असतो तो तुमच्या लेनवर बराचसा तसाच दिसेल. 0.050 च्या आसपासचा बॉल प्रत्येक फेरीला कव्हरचा कोरडा भाग ऑइलवर आणेल, 0.030 चा निवांत चालेल. यूएसबीसीची मर्यादा 0.060. आरजी, म्हणजे वजन केंद्रापासून किती दूर पसरलंय त्याचा आकडा, 2.46 ते 2.80 इंचांच्या मधे असावा लागतो. कमी आरजीचा लवकर उठतो, जास्तीचा पुढे जाऊन.

आता ‘कुठला चांगला’ हे मनातून काढून टाका आणि सध्याचा बॉल कुठे तोंडघशी पाडतो ते बघा. ऑइलमध्ये घसरत जाऊन पॉकेटच्या (हेडपिनशेजारच्या फटीच्या) बाहेर राहत असेल, तर याच लेआउटवर सॉलिड कव्हर, कमी आरजी, वरच्या टप्प्यातला डिफरन्शियल, 1000 किंवा 2000 चा पृष्ठभाग. लवकर वळून पिनपाशी दमत असेल, तर पर्ल, पॉलिश, थोडा जास्त आरजी. तुमचे रेव्ह (बॉलला मिळणारे फेरे) आणि वेग तुम्ही लिहिलेले नाहीत, म्हणून याहून नेमकं सांगणं म्हणजे अंदाजपंचे. जोरात टाकणाऱ्या कमी रेव्हच्या माणसाने पर्लच्या जाहिरातींना भुलू नये, एवढं मात्र डोळे मिटून सांगतो.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. पहिला आकडा, 50, हा ड्रिलिंग कोन. सिमेट्रिक कोरमध्ये तो जवळपास शोभेचा असतो. असिमेट्रिकमध्ये मात्र मास बायस (कोरच्या असमान वजनाची खूण) कुठे पडतो यावर बॉल किती लवकर रोल धरतो हे ठरतं, आणि तिथे त्या आकड्याला वजन आहे. तुमचा लेआउट सिमेट्रिक बॉलवर जमलेला असेल आणि आता जोरदार असिमेट्रिक घेणार असाल, तर तेच तीन आकडे तोच शॉट देणार नाहीत. एकच लेआउट सगळीकडे, या माझ्या हट्टाला इथे खीळ बसते. माझ्या बॅगेत असिमेट्रिक फारसे नाहीत, हेही त्यामागचं कारण असेल.

दुसरं, तुमचा आवडता जुना बॉल 1 ऑगस्ट 2020 च्या आधीचा आहे का? असेल तर त्याला बॅलन्स होल, म्हणजे बोट न घालायचं जादा भोक, होतं का बघा. त्या तारखेपासून यूएसबीसीने ते बंद केलं. पूर्वी ते भोक नुसतं वजन जुळवायला नसायचं. जागेप्रमाणे फ्लेअर वाढवायला किंवा कमी करायलाही वापरायचे. तुम्हाला आवडलेली चाल त्या चौथ्या भोकाची असेल तर लेआउटची चिठ्ठी जपून उपयोग नाही, तेवढा फरक नव्या बॉलच्या डिफरन्शियलमधून काढावा लागेल. त्याच वेळी बाजूच्या वजनाची सूट 1 औंसावरून 3 औंसांवर गेली, त्यामुळे सीजी (गुरुत्वमध्य) कुठे आहे यावर आता डोकं शिणवू नका.

दोन हातांनी, अंगठा न घालता टाकत असाल तर अंगठ्याचं भोकच नसणार, आणि त्या भोकाने एरवी वाढणारा डिफरन्शियलही नाही. मग बॉल निवडताना एक पायरी वरचा धरा.

या तीन आकड्यांची ड्युअल अँगल पद्धत मांडणाऱ्या मो पिनेलबद्दल मला पूर्ण आदर आहे. माझी तक्रार ते तीन आकडे मंत्रासारखे म्हणणाऱ्यांबद्दल आहे, कारण ते मोजले जातात पीएपीपासून, आणि यातल्या निम्म्यांनी स्वतःचा पीएपी शेवटचा कधी मोजला ते त्यांना आठवत नाही. हात बदलतो, रिलीज बदलतो, पीएपी सरकतो. तुम्ही नव्याने मोजून घ्या, मगच चिठ्ठी ड्रिलरपुढे ठेवा. तो ‘या बॉलला हा लेआउट नको’ म्हणाला आणि कारण मास बायसचं सांगितलं, तर ऐका. ‘बॉल वाया जाईल’ एवढंच म्हणाला तर भोकं तिथेच पाडून घ्या, आणि फॅक्टरी फिनिशवर पुरेसे गेम होईपर्यंत पॅडला हात लावू नका.