वाचकांचे प्रश्न : जपानी शाळेत मूल घालताना

प्रश्न : मुलगी एप्रिलमध्ये जपानमधल्या सरकारी शाळेत पहिलीत जाईल. आम्ही शाकाहारी आहोत. शाळेतलं जेवण चालेल का? घरचा डबा देता येतो का?

उत्तर : मांसाचे तुकडे बाजूला काढून भागणार नाही. सूपचं पाणी बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचं असतं, भाज्यांच्या रश्श्यातही तेच. करीच्या तयार वड्यांत प्राण्यांची चरबी असू शकते, जेलीत जिलेटिन. दर महिन्याचा मेन्यू आधी घरी येतो, पण त्यात मुख्य जिन्नसच असतात. अॅलर्जीच्या मुलांसाठी सविस्तर यादी बनवतात, ती मागून घ्या.

प्रवेशाआधी, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, नव्या पालकांची सभा होते. विषय तिथेच काढा. पुढे वर्गशिक्षक आणि आहारतज्ज्ञ यांच्याशी बसून ठरवायचं. पूर्ण डबा द्यायचा, की भात-दूध शाळेचं आणि भाजी घरची? काय चालेल ते शेवटी शाळाच ठरवते. शाळेचं जेवण थांबवायचं असेल तर बरेच दिवस आधी कळवावं लागतं, कारण सामानाची मागणी आधीच गेलेली असते. डबा गरम करून मिळेल असं धरून चालू नका. जून ते सप्टेंबर डब्याला बर्फाची पिशवी लावा आणि ओलसर रस्सा टाळा.

डबा नेला तरी वाढपाची पाळी मुलीला चुकणार नाही, आणि चुकवूही नये. पाळीच्या आठवड्यात मुलं पांढरा डगला, टोपी आणि मास्क घालून वर्गाला वाढतात. बऱ्याच शाळांत हा डगला शाळेचाच असतो. शुक्रवारी तो घरी येतो, धुऊन-इस्त्री करून सोमवारी परत द्यायचा. विसरलात तर पुढच्या पाळीच्या मुलाला घालायला काही उरत नाही. पालकांच्या हातून ही चूक सहज होते.

प्रश्न : सामानाच्या यादीत दोन फडकी आणि वर्गात घालायचे बूट आहेत. नाव कुठे घालायचं?

उत्तर : सगळीकडे! गणिताच्या पेटीतल्या बोटाच्या पेराएवढ्या चकत्या आणि काड्या, प्रत्येकीवरसुद्धा. त्यासाठी छोट्या नावपट्ट्या छापून मिळतात. हाताने लिहायला बसलात तर एक संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. लांबलचक नाव असेल तर एक छोटं रूप ठरवा आणि सर्वत्र तेच वापरा. बुटांवर नाव टाचेला हवं, म्हणजे कप्प्यात ठेवल्यावर दिसतं. हे कापडी बूट दर शनिवार-रविवारी धुवायला घरी येतात. फडकी रोजच्या सफाईसाठी : खुर्च्या बाकांवर उलट्या, बाकं एका टोकाला, आधी झाडू, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने जमीन पुसणं. जाड टॉवेल घेऊ नका, छोट्या हातांना पिळता येत नाही.

प्रश्न : मुलाचा जन्म 1 एप्रिलचा. तो कोणत्या वर्षात धरतात?

उत्तर : आधीच्या, म्हणजे 31 मार्चपर्यंत जन्मलेल्या मुलांबरोबर. एका वर्गात 2 एप्रिल ते पुढच्या वर्षीचा 1 एप्रिल या काळात जन्मलेली मुलं येतात, कारण कायद्यानुसार वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पूर्ण होतं, म्हणजे 1 एप्रिलला जन्मलेल्याचं 31 मार्चलाच. म्हणजे तुमचा मुलगा वर्गात सर्वांत लहान असेल. परदेशी मुलांना शाळेची सक्ती नाही, म्हणून नगरपालिकेत पालकांनी स्वतः अर्ज करायचा. फी आणि पाठ्यपुस्तकं मात्र त्यांनाही मोफत.