लॅब्रडॉर मादीची नसबंदी करण्याआधी एकदा पिल्लं होऊ द्यायलाच हवीत का?

अजिबात नाही हो. एकदा पिल्लं झाली की कुत्री शांत होते हे इंदूरात घरोघरी ऐकायला मिळतं, आमच्या आत्यासकट, पण त्याला काही आधार नाही, उलट नसबंदी केली की पुढे गर्भाशयात पू होण्याची भीती जवळपास संपतेच. आणि लॅबला एका वेळी सहा-आठ पिल्लं सहज होतात, तीही साधारण ६३ दिवसांत, तेवढी घरं आहेत का बघून ठेवलेली? आमच्याकडे "एक आम्ही घेतो" म्हणणारे लोकमान्य नगरातले चारही जण ऐनवेळी फिरले. विकायचीच असतील तर कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीसाठीच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडर (पैदास करणारा) म्हणून रजिस्ट्रेशन लागतं, मादी १८ महिन्यांची तरी हवी, वर्षातून एकदाच पिल्लं घेता येतात, आणि पिल्लू ८ आठवड्यांचं होईपर्यंत विकता येत नाही.