विद्यार्थिकेंद्री गणित म्हणजे प्रत्यक्ष वर्गात काय?

सहावीला गणित शिकवताना विद्यार्थिकेंद्री पद्धत कशी वापरावी, असा आपला प्रश्न आहे. मी इंदूरमध्ये मराठी कुटुंबांतील मुलांना शिकवतो, त्या अनुभवावरून लिहितो.

१/२ आणि १/३ यांची बेरीज अनेक मुले २/५ अशी करतात. अशा वेळी समच्छेदाची रीत फळ्यावर लिहून देणे सोपे असते. परंतु त्याऐवजी ‘२/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?’ एवढेच विचारून थांबावे, कारण अर्ध्यात भर घालूनही उत्तर अर्ध्याहून कमी येते, ही विसंगती मुलाला स्वतःला खटकली की रीतीची गरज त्यालाच भासू लागते. मग एखादा कागदाची पट्टी सहा भागांत दुमडून ५/६ काढतो, तर दुसरा डझनभर केळ्यांचा हिशेब मांडून १०/१२ म्हणतो; दोन्ही उत्तरे फळ्यावर ठेवून ती एकच आहेत का, यावर मुलांना वाद घालू द्यावा.

विभाजक शिकवताना मी आमच्या ‘छप्पन दुकान’ या इंदूरच्या प्रसिद्ध खाऊगल्लीची ५६ ही संख्या देतो आणि तितकी दुकाने समान रांगांत किती प्रकारे मांडता येतील, हे शोधायला सांगतो.

पाढे पाठ करण्याला माझा मुळीच विरोध नाही. (पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, येणाऱ्या आजोबांना अपूर्णांकांचे भय नव्हते!) मात्र पाठांतराबरोबर विचारही हवा; २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलांच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण, म्हणजे मुलांना गणिती रीतीने विचार करता येणे, हेच मुख्य उद्दिष्ट मानले आहे. वेळ मात्र जास्त लागतो, म्हणून प्रत्येक घटकातील एकाच संकल्पनेपासून आरंभ करावा.